सात जणींचा अंगठा

३ मार्च, मंगळवार

ही वही माझी नाही, नातीची आहे. वकिलांसाठी छापलेली डायरी. एका बाजूला खटल्याचं नाव, दुसऱ्या बाजूला पुढची तारीख. जानेवारी-फेब्रुवारी तिनं भरले, मग वकिली सोडली आणि बाकीचं वर्ष कोरंच राहिलं. फुकट जायला नको, म्हणून मी म्हटलं, मी भरते. सगळे हसले. मला अक्षर ओळखता येत नाही, हे या घरात मांजरालाही ठाऊक आहे. पण मला तोंड आहे, आणि सून आहे. मी सांगणार, ती लिहिणार. सांगेन तेवढंच लिहायचं, मधे स्वतःचं घालायचं नाही, संपल्यावर वाचून दाखवायचं आणि बाहेर कुणाला एक अक्षर बोलायचं नाही, अशी शपथ तिला घातली आहे. शपथ घेताना ती हसत होती. बघू किती टिकते.

आता मुद्दा. नातीनं वकिली सोडली याची मला लाज वाटते. तिच्या तोंडावर बोलता येत नाही, म्हणून तर ही वही. सहा वर्षं मी अख्ख्या गल्लीला तिचा काळा कोट दाखवला. वाळतसुद्धा रस्त्याच्या बाजूलाच घालायचे. आता तो कपाटात लोंबतोय, आणि ही साध्या कपड्यांत, खांद्याला लॅपटॉप अडकवून, विमा विकणाऱ्या बाईसारखी घराबाहेर पडते.

"नवीन काम म्हणजे नक्की काय गं?" मी विचारलं.

"अनुपालन सल्लागार."

"माणसांच्या भाषेत सांग."

"लोकांचे पैसे सांभाळणाऱ्या संस्था असतात ना आजी, त्यांना नियम घालून दिलेले असतात. खातेदार खरा आहे का, सही त्याचीच आहे का, कागद त्याला समजावून सांगितला का. हे सगळं पाळतात की नाही ते मी बघायचं. पाळत नसतील तर दाखवून द्यायचं आणि पाळायला लावायचं."

"म्हणजे सासूचं काम."

सून इथे लिहायची थांबली. लिही म्हटलं.

"आणि बाजू कुणाची घेणार?"

"कुणाचीच नाही. कोर्टात माणूस माझ्याकडे यायचा तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. मला त्याच्या आधी पोचायचंय."

कुणाचीच बाजू न घेणाऱ्या माणसाला पगार कोण देतं, हे काही मला कळलं नाही. पण ती इतकी खुशीत होती की मी गप्प बसले. मी गप्प बसले, हेही लिही.

६ मार्च, शुक्रवार

पहिलं काम मिळालं. आमच्याच कोपऱ्यावरच्या पतसंस्थेचं. संचालकांना मोठ्या तपासणीच्या आधी घर झाडून घ्यायचंय, आणि झाडू माझी नात.

सकाळी ती कागद घेऊन बसली. "आजी, तुझं तिथे खातं नाही ना? घरातल्या कुणाचा संबंध असला तर मला आधी लिहून द्यावं लागतं. मग हे काम मला नाही घेता येणार."

"माझं? नाही बाई."

खरं तेच सांगितलं. माझं खातं पोस्टात आहे. विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायचं, हे तिनंच मला शिकवलंय. कोर्टातल्या साक्षीदाराला ती हेच पढवायची.

आता न विचारलेलं सांगते. पतसंस्थेत मी दर महिन्याच्या पाच तारखेला जाते. कालही गेले होते. आम्ही सगळ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या. ज्यांच्यासोबत जाते त्या सात जणी ओल्या बाजूला होत्या, म्हणजे भट्टी, सोडा, उकळतं पाणी. मी कोरड्या बाजूला, चादरींच्या घड्या घालायला. मुकादमाला माझ्या नकला आवडायच्या, म्हणून मला टेबल मिळालं. त्या मला अजून घडीवाली म्हणतात. सगळ्याच अंगठेबहाद्दर. पूर्वी शाईत बोट बुडवलं की काम व्हायचं. दोन वर्षांपूर्वी पतसंस्थेत मशीन आलं. त्यावर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की पैसे. पण या सात जणींच्या रेषा सोड्यानं कधीच खाल्लेल्या. बोटं पुसून पुसून दमल्या, दिवा काही हिरवा होईना. पैसे त्यांचेच, आणि त्यांनाच मिळेनात. मी सोबत म्हणून गेले होते. काउंटरवरची चष्मेवाली मुलगी कंटाळून म्हणाली, "आजी, तुम्ही लावून बघा बरं." मी लावला, आणि लगेच हिरवा! माझा अंगठा ठणठणीत. कात्री लागलेली एक तिरकी खूण आहे मधोमध, तेवढीच. मग तिनं सातही जणींच्या नावावर माझाच अंगठा नोंदवला. तेव्हापासून दर महिन्याला मी सात वेळा अंगठा टेकते, आणि सात जणी पैसे मोजून घेतात. एका पैशाचा घोटाळा नाही. गेले पाच महिने त्यांच्यातली भट्टीवाली तेवढी येत नाही, तिचं कमरेचं हाड मोडलंय. तिचा पुतण्या येतो पासबुक घेऊन. टक्कल पडत चाललेला, मवाळ बोलणारा माणूस. "काकूनं पाठवलंय," म्हणतो. मी तिच्या नावानंही टेकते.

मी कुणाच्या इतक्या उपयोगी पडेन असं आयुष्यात वाटलं नव्हतं.

हे नातीला सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. तिनं विचारलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

औषधवाल्यानं दुकानभर माणसं असताना विचारलं, "काय आजी, नात कोर्टात काय म्हणते?" मी म्हटलं, "आता वरच्या कोर्टात जाते." तो म्हणाला, "वा!" गोळ्या घेऊन घरी येईपर्यंत कानशिलं तापली होती. खोटं बोलल्याची लाज वेगळी, आणि खरं सांगायची लाज वेगळी. दोन्ही एकाच दिवशी झाल्या.

१७ मार्च, मंगळवार

जेवताना नात बोलली. नाव कुणाचं घेतलं नाही, ती घेत नाही. म्हणाली, "एका ठिकाणी सात खात्यांवर एकच अंगठा सापडलाय. सात बायका, अंगठा एक."

मी म्हटलं, "मशीन बिघडलं असेल."

"मशीन ठीक आहे, आजी. बाकी सहा जणींची तक्रार नाही. पण एक बाई अंथरुणावर आहे, तिनं शेजाऱ्याकरवी विचारणा केली. पाच महिने तिच्या खात्यातून पैसे निघालेत, आणि तिच्या हातात एक पैसा पोचलेला नाही. औषधं उधारीवर चालली आहेत."

पुतण्याचा मवाळ आवाज कानात वाजायला लागला. काकूनं पाठवलंय.

"मग कुणी केलं म्हणतात?" मी विचारलं.

"नोंदणी काउंटरवरच्या मुलीनं केली. व्यवस्थापक म्हणतात, त्यांना काहीच माहीत नाही. सगळ्यांचं बोट तिच्याकडे आहे."

व्यवस्थापक आपल्या काचेच्या खोलीतून दर पाच तारखेला मला हात करायचा. त्याला काही माहीत नाही!

लिहिता लिहिता सुनेचा हात थांबला. म्हणाली, "आई, सहा तारखेचं पान मी तिला वाचून दाखवू?"

"शपथ आहे."

"ती माझी मुलगी आहे हो."

"आणि मी सांगेन तेवढंच लिहायचं ठरलंय."

तिनं हे लिहिलंय की नाही देव जाणे. वाचून दाखवते तेव्हा लिहिलेलं असतं.

१९ मार्च, गुरुवार

आज नात लाडात आली होती. मी खिडकीशी बसले होते, तर शेजारी येऊन बसली आणि माझा उजवा हात हातात घेतला. लहानपणी घ्यायची तसा. बोटं एकेक करून उलगडली, अंगठ्यावरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाली, "ही खूण कशाची गं?"

"घड्यांच्या टेबलावरची. गठ्ठ्याची सुतळी कापताना कात्री लागली होती."

"दुखलं असेल."

"तेव्हाच. आता काय."

"आजी, तुला मला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "हो. बारीक झालीस, नीट जेवत जा." ती हसली नाही. हात सोडून उठली आणि आपल्या खोलीत गेली. कामाचा ताण असेल. पण बरं वाटलं, एवढ्या मोठ्या झालेल्या मुलीला अजून आजीचा हात लागतो.

सून हे लिहिताना नाक ओढतेय. सर्दी झालीय म्हणते.

२१ मार्च, शनिवार

चष्मेवालीला घरी बसवलं. औषधवाल्याकडूनच कळलं. त्याला सगळं कळतं, फक्त माझी नात कुठे जाते ते सोडून.

तिच्या घरी गेले. टायर दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे तिची. कपड्यांना इस्त्री करत होती. मला बघून तिनं आधी दार लावून घेतलं.

"आजी, तुम्ही कशाला आलात? कुणी बघितलं तर?"

"तू माझं नाव का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करू? लावा असं मीच म्हणाले ना तुम्हाला? रांग दारापर्यंत गेली होती, साहेब आतून ओरडत होते, आणि त्या सगळ्या जणी बोटं पुसत उभ्या. मला बघवेना."

"पण भट्टीवालीचे पैसे तू कुठे घेतलेस?"

"ते कोण मानणार? मशीन माझ्या ताब्यात होतं." मग इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "ताई चांगल्या आहेत. मला आधी बसायला सांगितलं, मग विचारलं. तुमचं नाव आलं तर त्यांचं पहिलंच काम जाणार, एवढं मलाही कळतं. शुक्रवारी संचालकांपुढे बोलावलंय मला. मी म्हणेन, चूक माझी."

"आणि पुढे?"

"पुढे काय? दुसरीकडे कुठे काउंटरवर उभी करतील मला?"

वय असेल तिचं चोवीस. मी पंच्याहत्तरीची. ती माझ्यासाठी, आणि माझ्या नातीसाठी, स्वतःची नोकरी सोडायला निघालेली, आणि मी तिच्या खोलीत बसून पाणी प्यायले. भांडं खाली ठेवताना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. दुभंगली नाही. खालून टायर ठोकल्याचा आवाज तेवढा येत होता.

२४ मार्च, मंगळवार

तीन दिवस वही उघडू दिली नाही. आज सुनेनंच आणून समोर ठेवली.

म्हटलं, लिही. मी बोलले तर नातीचं काम जातं. सहा वर्षं वकिली करून तिनं ती सोडली, लोकांची बोलणी खाल्ली, त्यात माझीही होती, आणि हे पहिलंच काम. मी नाही बोलले तर चष्मेवाली जाते. हे तराजूत घालायचं म्हटलं तर एक पारडं माझ्या घरात आहे.

सून म्हणाली, "आई, मी मधे स्वतःचं घालू नये अशी शपथ आहे, पण घालते. ती आठवडाभर नीट झोपलेली नाही. तिला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुमचा हात कशाला बघत होती ती?"

मला हसू आलं. म्हणजे आधी हसूच आलं. मग कळलं. मी तिला म्हटलं होतं, नीट जेवत जा.

ती थांबली होती. माझ्यासाठी. मी आपणहून बोलावं म्हणून आपलं काम अडवून बसली होती, आणि ज्या मुलीनं आयुष्यात कुठल्या कामाला एक दिवस उशीर केला नाही, तिच्यावर माझ्यापायी ही वेळ आली. लाजेची मी आजवर जी काही समजूत करून घेतली होती, ती नुसती तोंडओळख निघाली.

२७ मार्च, शुक्रवार

सुनेला म्हटलं, "चल." तिनं कुठे विचारलं नाही. चपला घालून उभी राहिली.

पतसंस्थेत वरच्या खोलीत लांब टेबल, पाच संचालक, टोकाला व्यवस्थापक. चष्मेवाली उभी, माझी नात बसलेली, समोर कागद. मी आत शिरले तेव्हा ती दचकली नाही. नुसतं पेनाचं टोपण लावलं.

अध्यक्ष म्हणाले, "आजी, खाली थांबा, इथे काम चाललंय."

"माझंच काम चाललंय. ते मशीन वर आणा."

आणलं. मी चष्मेवालीला म्हटलं, "टाक पोरी, पहिलं नाव टाक." तिनं नातीकडे बघितलं. नातीनं मान हलवली. नाव टाकलं, मी अंगठा टेकला. हिरवा. दुसरं नाव, हिरवा. तिसरं. अध्यक्ष म्हणाले, "पुरे, पुरे." मी म्हटलं, "थांबू नका, सात आहेत." शेवटचं भट्टीवालीचं होतं. त्यालाही हिरवा. मशीनला काय लाज!

मग नात बोलली. "आजी, तुम्ही हे कधीपासून करत होता?"

जन्मात पहिल्यांदा मला तुम्ही म्हणाली. थोबाडीत बसली असती तर सोपं गेलं असतं.

सगळं सांगितलं. मशीन आलं तो दिवस, पाच तारखा, पुतण्या. व्यवस्थापक काचेतून हात करायचा, तेही सांगितलं. त्यावर तो खोकायला लागला. खोकू दे म्हटलं. नात लिहीत होती, आणि मी थांबले की "पुढे" म्हणत होती. संपल्यावर तिनं सगळं मला वाचून दाखवलं, एकेक ओळ, आणि दर ओळीला विचारलं, बरोबर आहे का. दोन ठिकाणी मी स्वतःला जरा बरं दाखवलं होतं. ते मी काढायला लावलं.

मग तिनं पिशवीतून एक पाकीट काढून अध्यक्षांपुढे ठेवलं. "माझ्या आजीचा या प्रकरणाशी संबंध आहे, म्हणून मी या कामातून बाहेर पडते. हे पत्र मी एकोणीस तारखेला लिहिलं. तेव्हाच द्यायला हवं होतं. आठ दिवस दिलं नाही, ही माझी चूक, तीही नोंदवून घ्या."

म्हणाली तेव्हा तिची मान खाली होती. कोर्टात सहा वर्षं ती कधी खाली गेली नव्हती.

२९ मार्च, रविवार

काम गेलं. दुसरा सल्लागार येणार आहे, तो पहिल्यापासून सगळं बघेल. चष्मेवालीला परत घेतलं, पण चौकशी संपेपर्यंत काउंटरवर नाही, आत कागद लावायला. पुतण्याला पोलिसांनी बोलावलंय. मलाही बोलावतील.

नात खोलीत कपडे आवरत होती. दारात उभी राहून मी म्हटलं, "मला वकील लागेल."

"मी आता वकील नाही, आजी."

"पण असतीस तर?"

"तरी तुझी केस घेतली नसती. मला तुझ्या बाजूनं बोलावं लागलं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांना विचारते."

"त्या सात जणींनी काय करायचं? दिवा हिरवा होत नाही त्यांचा."

"नियमात सोय आहे. बोट उमटत नसेल तर एक अर्ज, फोटो आणि दोन साक्षीदार. पान चौदा. मशीनसोबत आलेल्या पुस्तकातच आहे."

म्हणजे वाचता येणारे इतके जण त्या संस्थेत, आणि पान चौदा कुणी उघडलं नाही. हे मी मोठ्यानं म्हटलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला. हसली असं नाही म्हणणार. पण हलला.

२ एप्रिल, गुरुवार

भट्टीवालीकडे गेले. तिसरा मजला. सून म्हणाली मी येते, म्हटलं नको.

"कोण आहे?"

"मी. घडीवाली."

"आलीस का? मला वाटलं मेलीस."

खोलीत औषधाचा वास, खिडकी बंद. ती भिंतीइतकी पांढरी झालीय. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर अर्धंच सांगितलं असतं. ती छताकडे बघत ऐकत होती.

"पैसे त्या टकल्यानं नेले, ते मी ओळखलंच होतं," ती म्हणाली. "पण म्हटलं, त्याला अंगठा मिळाला कुठे? माझा तर इथे माझ्याजवळ."

"माझा होता."

"पाच वेळा माझ्या नावानं अंगठा लावलास."

"हो."

"आणि एकदाही जिना चढून आली नाहीस."

गुडघे म्हणणार होते. पण आज तर चढलेच होते ना ते तीन मजले. आयुष्यभर मला वेळेला काहीतरी सुचत आलंय, त्याच जोरावर मी कोरड्या बाजूला राहिले. आज काही सुचलं नाही. खिडकी उघडली आणि तिच्या पायाशी बसले.

मग तीच म्हणाली, "तुझी नात वकील आहे ना? तिला सांग, त्या टकल्याला कोर्टात उभा कर म्हणावं."

"ती आता वकील नाही."

"मग काय करते?"

"संस्था नियम पाळतात का ते बघते. सगळे कागद शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिनंच तर पकडलं."

"कुणाला?"

"मला."

भट्टीवाली हसायला लागली. हाड दुखतंय, दुखतंय म्हणत हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, "मग कामाची आहे म्हणायची पोरगी."

मी म्हटलं, "आहे." मान खाली घालूनच म्हटलं, पण म्हटलं.